थेंब घातलेत का?

डोळेबाईंच्या समोर कुणीही येऊन बसलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव काय, कुठून आलात, कसं झालं, यातलं काही नाही. "थेंब घातलेत का?" समोरचा नाही म्हणाला की त्या त्याच्या भुवईच्या वर निरखून बघत आणि पुन्हा विचारत, "नक्की नाही ना?" एखादा वैतागायचा. तरीही बाई उठत, बोळ ओलांडून तपासणीच्या खोलीत जात आणि तिथल्या नर्सला तिसऱ्यांदा विचारून येत. नर्स बदलल्या, डॉक्टर बदलले, बाईंचा प्रश्न काही बदलला नाही. इस्पितळात त्यावरून यथेच्छ चेष्टा चालायची. बाई उद्या स्वर्गात गेल्या तरी दारावरच्या माणसाला आधी थेंबांचं विचारतील, असं कंपाउंडर म्हणायचा. बाईंना ते ऐकू जायचं. त्या हसत नसत आणि रागावतही नसत.

या प्रश्नामागे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांत बाईंनी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि एरवी या बाईंच्या पोटात एक गोष्ट टिकेल तर शपथ.

त्यांचं काम नकली डोळे करायचं. लोक अजून काचेचे डोळे म्हणतात, पण काच केव्हाच गेली. दातांच्या कवळीला वापरतात त्या जातीचं प्लॅस्टिक असतं. आणि डोळा म्हणजे गोटी, हीही लोकांची समजूत. प्रत्यक्षात ती शिंपल्यासारखी खोलगट चकती असते, पापणीच्या आत सरकवायची. आधी मेणानं खोबणीचं माप घ्यायचं. पांढऱ्या भागावर तांबड्या रेशमाचे बारीक तंतू चिकटवायचे, त्या झाल्या शिरा. मग बुबुळ रंगवायचं, आणि मधोमध काळी बाहुली. बुबुळाला बाईंना दोन सकाळी लागत. उत्तरेची खिडकी, दहा ते साडेबारा, त्यापुढे ब्रश हातात धरायचा नाही. समोर माणूस बसलेला आणि त्याचा उरलेला चांगला डोळा बाईंच्या नाकापासून वीतभर अंतरावर. दोन सकाळी कुणाच्या डोळ्यात इतक्या जवळून कोण बघतं? नवरा-बायको तर नाहीच नाही. 'तपकिरी आहेत' एवढ्यावर सगळ्यांचं समाधान असतं. बाईंच्या लेखी तपकिरी नावाचा रंगच नव्हता. त्यांच्याकडे ओली वीट होती, गंजलेली कडी होती, दूध कमी पडलेला चहा होता.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी ओळख दाखवली की त्या आधी डोळ्यात बघत आणि मग 'अच्छा, तुम्ही होय' म्हणत. नवरा म्हणायचा, मी गॉगल लावून घरी आलो तर ही मला दारातून परत पाठवेल.

हे काम त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर हाताखालच्या माणसाला फारसं बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. रंगात थोडं इकडंतिकडं झालं तर लोक समजून घेतात. बाहुलीत झालं तर माणूसच दुसरा दिसायला लागतो. खरी बाहुली उजेडात बारीक होते, अंधारात मोठी होते. आपली बिचारी जिथं ठेवली तिथंच राहते. म्हणून ती मधली ठेवायची, आणि ती ठरवताना समोरच्या डोळ्यात औषधाचे थेंब तर नाहीत ना, हे दहादा बघायचं. तपासणीच्या खोलीत डॉक्टर डोळ्याच्या आतलं बघण्यासाठी थेंब घालतात, त्यानं बाहुली चारपाच तास ताणलेली राहते. ज्याला थेंब घातलेत त्याच्या भुवईवर नर्स पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावत असे. पट्टी दिसली की त्या दिवशी ब्रश धरायचा नाही, असा नियम.

त्या सोमवारी सकाळी दार उघडलं आणि एक मुलगी आपल्या वडिलांना दंडाला धरून आत घेऊन आली. माणूस साठीच्या अलीकडचा, भरल्या खांद्यांचा, काळा चष्मा लावलेला. शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली, त्यामुळे कॉलरचं एक टोक वर आणि एक खाली. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. मुलीच्या आलेलं दिसत नव्हतं. ती बोलत होती ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी.

बाबा कारखान्यात टर्नर होते, तिनं सांगितलं. ती आठ वर्षांची असताना लेथवर लोखंडाचा कीस उडाला आणि डावा डोळा गेला. त्याच्या जागी याच इस्पितळानं डोळा बसवून दिला. उजव्यावर बाबांनी पुढची सतरा वर्षं नोकरी केली. मग त्यात काचबिंदू झाला. दोन वर्षं डोळा दुधाळ होऊन बसला, दिसेनासा झाला, आणि शेवटी इतका ठणकायला लागला की चार महिन्यांपूर्वी तोही काढावा लागला. आई सहा वर्षांपूर्वीच गेली, आता घरात दोघंच. एवढं सांगून तिनं बाबांचा चष्मा काढला. काढताना तिनं स्वतःची मान खिडकीकडे वळवली.

उजवी पापणी खाली, आत गेलेली. डावा डोळा उघडा होता.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी थेंबांचं विचारलं नाही. त्यांच्या हातातलं मेणाचं पातेलं टेबलावर आपटलं गेलं आणि मुलगी दचकली. तो डोळा त्यांचाच होता. त्यांनी आयुष्यात शेकडो डोळे केले, पण हा एक त्यांना अंधारातही ओळखू आला असता. वर्षानुवर्षं दाराची कडी वाजली की त्यांच्या मनात यायचं, आला, तो आला. नकली डोळा पाच-सहा वर्षांनी बदलायचा असतो, म्हणजे तो यायलाच हवा होता. तो आला नाही. आणि आता आला, तो असा.

झालं होतं ते असं. बाईंना कामाला लागून दुसरं वर्ष चालू होतं. मास्तर रजेवर होते. टर्नर त्या सकाळी आधी तपासणीच्या खोलीत गेला, उरलेला डोळा ठीक आहे ना ते बघायला, तिथं त्याला थेंब घातले, भुवईवर पट्टी लावली. बोळातून येताना पट्टी खाजते म्हणून त्यानं ती काढून खिशात घातली. बाहेर आभाळ भरून आलेलं. मळभात सगळ्यांच्याच बाहुल्या मोठ्या होतात, बाईंना वाटलं तसंच असेल. दुसऱ्या सकाळीही तपासणी, तेच थेंब, तीच पट्टी खिशात. हे बाईंना कळलं ते फार उशिरा, त्याच्याच बोलण्यातून. दोन सकाळी खपून बाईंनी एक सुरेख बुबुळ रंगवलं, ताणलेल्या बाहुलीभोवतीचं, कडेला गोळा होऊन बसलेलं. मास्तर असते तर दारातूनच ओरडले असते.

तीन आठवड्यांनी डोळा बसवला आणि बाई त्याला शेवटचं बघायला नेहमीप्रमाणे व्हरांड्यात उन्हात घेऊन गेल्या. ऊन डोळ्यावर पडलं आणि उजवी बाहुली मोहरीएवढी झाली. बुबुळ पसरलं, उलगडलं. डावी तशीच, काळ्या बटणासारखी. म्हणजे माणूस एका बाजूनं शांत आणि दुसऱ्या बाजूनं कायमचा दचकलेला. आणि तेवढ्यात बाईंना उजव्यात आणखी एक गोष्ट दिसली. खाली, कानाच्या बाजूला, घड्याळात सात वाजतात त्या जागी, एक तांबूस कण होता, चहाच्या भुकटीच्या दाण्याएवढा. बुबुळ गोळा झालेलं असताना तो घडीत लपला होता. टर्नरनं आरशात बघितलं आणि म्हणाला, "मस्त झालाय. नाही?"

बाई म्हणाल्या, "हो."

तो एक 'हो' त्यांना पुढं एकोणीस वर्षं पुरला. त्याला परत बोलावणारं पत्र त्यांनी लिहिलं, पाकिटात घातलं, कपाटात ठेवलं. नवी नोकरी होती, भीती वाटली, आणि मग उशीर झाला. उशीर झाला की माणूस स्वतःला काय काय समजावतो ते सगळं बाईंनी स्वतःला समजावलं.

"हा आहे ना," मुलगी कॅलेंडरला म्हणाली, "अगदी याच्यासारखाच उजवा करा. जोडी व्हायला पाहिजे."

बाईंनी माप घ्यायला सुरुवात केली, कारण मेण गार होत होतं आणि हाताला काम हवं होतं. मुलगी फॉर्म भरायला बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत टर्नर थांबला. मग म्हणाला, "बाई, माझं काय, आत खडा बसवलात तरी मला सारखाच. पण ती माझ्याशी बोलते ना, तेव्हा तिचा आवाज भिंतीकडे जातो. चार महिने झाले. जेवायला वाढते, गोळ्या देते, पेपर वाचून दाखवते, सगळं करते. बघत नाही माझ्याकडे."

बाई खोबणीतलं मेण कडेकडेनं दाबत राहिल्या.

"मी एकदाच बसवून बघणार," तो म्हणाला. "जमलं तर जमलं. नाही जमलं तर चष्मा लावून मागच्या खोलीत बसेन, तिला त्रास नको. परत परत तिला इथं उभं करणार नाही मी."

तो हे रडवेला होऊन बोलला नाही. मशीन चालवायचं की बंद करायचं हे सांगावं तसं बोलला. त्यामुळेच बाईंना ते फार लागलं. तो निघायच्या आधी बाईंनी त्याचा डावा डोळा हातात घेऊन तपासला. एकोणीस वर्षांच्या मानानं चकाकी चांगली होती, कडा तेवढ्या खरखरीत. कुठं पॉलिश करून घेत होता, त्यांनी विचारलं. कारखान्यातच, तो म्हणाला, लेथवर जाड लोकरीच्या नमद्याचं चाक लावून, दर सहा महिन्यांनी. तिथं सगळंच पॉलिश व्हायचं, त्यात डोळाही व्हायचा. बाई यावर एरवी पोट धरून हसल्या असत्या. आपल्याकडे यावं लागू नये इतकी या माणसानं सोय करून ठेवली होती, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पुढचे दोन आठवडे बाईंचे भूक हरवल्यासारखे गेले. मुलीनं जुने फोटो आणून दिले होते. त्यांचा काही उपयोग नव्हता. एक डोळा गेल्यावर दुसऱ्याला जपायचं म्हणून टर्नर जाड चष्मा लावायचा, आणि प्रत्येक फोटोत काचेवर उजेड चमकलेला. लग्नातला फोटो होता, त्यात डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. शेवटच्या दोन वर्षांतले फोटो स्वच्छ होते, पण तोवर डोळा दुधाळ झालेला. जगात त्या माणसाच्या खऱ्या डोळ्याची एकही नक्कल नव्हती. होती ती बाईंच्या डोक्यात, व्हरांड्यातल्या उन्हात मिनिटभर पाहिलेली.

आधी त्यांनी सोपा रस्ता धरला, सांगितलं तसं करायचा. नमुन्याला ठेवून घेतलेल्या डाव्यावरून उजवा केला, हुबेहूब. वाळल्यावर दोन्ही चकत्या पांढऱ्या ताटलीत शेजारी ठेवल्या. ताटलीतून एक माणूस त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला कसलीतरी प्रचंड भीती वाटत होती. एका डोळ्यात चूक होती ती निदान दुसरा डोळा सांभाळून घेत होता. दोन्हीकडे तीच चूक म्हणजे हा माणूस मरेपर्यंत भेदरलेला. आणि ही पोरगी आयुष्यभर त्याच्याकडे बघायचं टाळत राहणार.

मग त्या आठवणीवरून रंगवायला बसल्या. समोरची खुर्ची रिकामी. आतला करडेपणा, कडेची गडद रेघ, मध्ये ओल्या विटेचा रंग, हे सगळं हाताला आपोआप आठवत गेलं. अडलं ते कणापाशी. सातच्या जागी की आठच्या? खरंच होता, की एकोणीस वर्षं मनाला खात बसलेली गोष्ट आपणच तिथं नेऊन ठेवली? आठवण काही कपाटातलं पाकीट नाही, की ठेवलं तसं सापडेल. त्यांनी तो पाच चकत्यांवर पाच वेळा काढला आणि चार पुसल्या. मुलगी फोटो आणि डावा डोळा परत न्यायला आली तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, बाबांच्या उजव्या डोळ्यात काही ठिपका वगैरे होता का. मुलगी म्हणाली, नाही, बाबांचे डोळे साधे होते, तपकिरी.

त्या दिवशी जेवताना बाईंनी नवऱ्याच्या डोळ्यात रोखून बघितलं. नवरा म्हणाला, आता माझा कुठला काढणार आहेस, आधी सांग म्हणजे दुसऱ्यानं पेपर वाचून घेतो. त्या हसल्या नाहीत. नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात कडेला फिकट चंद्रकोरीसारखं होतं, ते त्यांना डोळे मिटूनही काढता आलं असतं. पण ते रोजचं होतं. त्यांनी त्या डोळ्यांत निदान दहा हजार वेळा बघितलं होतं. टर्नरच्या कणाला मिळालं होतं एक मिनिट.

आणि तिथंच त्यांना आणखी एक विचार सुचला, तो काही चांगला नव्हता. डावाही नवा करायचा, बरोबर बाहुलीचा. दोन्ही डोळे खरे, जसे असायला हवे होते तसे. जुना डावा 'आम्ही ठेवून घेतो' म्हणून काढून घ्यायचा आणि फेकून द्यायचा. म्हणजे चूकच जगातून नाहीशी. सांगायला नको, ऐकायला नको. बाईंनी तो डावा आधीच्या कुठल्याही डोळ्यापेक्षा जीव ओतून केला, हेही इथं सांगायला हवं. वाईट हेतूनंही माणूस कधी कधी फार चांगलं काम करतो.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला दोघं आली. टर्नरनं दाढी केली होती, हनुवटीखाली एक जागा सुटली होती. बटणं आजही एक घर चुकलेली. मुलीनं पर्स छातीशी धरली होती. बाईंनी हात दोनदा धुतले. जुना डावा काढून आपल्या एप्रनच्या खिशात टाकला, नवे दोन्ही बसवले, पापण्या नीट केल्या, आणि दोघांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. ऊन स्वच्छ होतं. बाईंना स्वतःलाच विश्वास बसेना इतकं ते काम उतरलं होतं. समोर एक शांत, डोळस दिसणारा माणूस उभा होता.

"बघा," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलीनं मान वळवली. बघितलं. बाई तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हत्या. त्या चेहऱ्यावर आधी आशा होती, मग काहीतरी शोधणं, आणि मग ती आशा तिथून निघून गेली. मुलीनं पुन्हा नजर वळवली, आता व्हरांड्याच्या खांबाकडे.

"छान आहेत," ती खांबाला म्हणाली. "पण हे बाबा नाहीत."

टर्नर हलला नाही. त्याला फक्त आवाज कुठं गेला ते कळलं असावं. त्यानं हात पुढं केला, चष्म्यासाठी. "झालं," तो म्हणाला. "एकदाच म्हटलं होतं. चल."

मुलगी चष्मा शोधायला पर्समध्ये हात घालत होती. बाईंना दिसत होतं की आता आपण गप्प राहिलो तर दोन मिनिटांत हे संपेल. दोघं पायऱ्या उतरून जातील, आणि हा माणूस मागच्या खोलीत जाऊन बसेल, कायमचा. त्यांचा हात एप्रनच्या खिशात जुन्या डोळ्याभोवती आवळला गेला. त्यांच्या कानात त्यांचाच एकोणीस वर्षांपूर्वीचा 'हो' वाजत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमचा जुना डोळा मी चुकवला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मळभ, थेंब, खिशात घातलेली पट्टी, व्हरांडा, याच जागेवरचं ऊन. पत्र लिहिलं आणि टाकलं नाही, तेही. आणि आज तो डोळा गुपचूप फेकून देणार होते, तेही सांगून टाकलं, कारण एकदा सुरुवात केल्यावर मध्येच थांबायला जागा सापडेना. बोलताना त्यांना स्वतःचा राग येत होता.

मुलीचा चेहरा लाल झाला.

"मला माहीत होतं," टर्नर म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात दाढी करताना दिसलं. मी टर्नर आहे बाई, केसाएवढा फरक मला दिसतो. मला वाटलं, नकली डोळे असेच करत असतील, आपल्याला काय कळतंय. हिची आई म्हणाली, राहू दे." तो थांबला. "पण माझ्या हातून असा जॉब गेला असता ना, तर मी तो परत मागवला असता."

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. ते वाक्य त्यांच्या हक्काचं होतं, आणि ते ऐकायला त्यांनी फार वेळ लावला होता.

बोलली ती मुलगी, आणि ती भलतंच बोलली.

"मोठा होता म्हणूनच मी त्याच्याकडे बघायचे," ती म्हणाली. "बाबा रागावले की उजवा डोळा बारीक व्हायचा. मला भीती वाटायची. मग मी डाव्याकडे बघत राहायचे. तो कधी रागवायचाच नाही. तोच घाबरलेला असायचा माझ्यासारखा. मी मनातल्या मनात त्यालाच सॉरी म्हणायचे." तिनं नाक पुसलं. "आणि उजवा मला आठवतच नाहीये. चार महिने मी आठवायचा प्रयत्न करतेय. समोर ती पापणी दिसते आणि जे काही आठवत असतं तेही जातं. म्हणून बघत नव्हते."

टर्नरचा पुढं केलेला हात हळूच खाली आला.

बाईंनी डोळे पुसले नाहीत, त्यांना वेळ नव्हता. त्यांनी टर्नरला तिथंच बाकावर बसवलं. "उजव्यात मी एक कण काढलाय," त्या म्हणाल्या. "तांबूस. ही म्हणते, नव्हता. मी एकदाच पाहिला होता, मिनिटभर. मला खात्री नाही. तुम्ही सांगा."

"कुठं?" टर्नरनं विचारलं, एकदम.

"खाली. कानाच्या बाजूला."

टर्नर जे हसला ते त्या चार महिन्यांत कुणी ऐकलं नसावं, कारण मुलीनं दचकून वर बघितलं. लग्न झालं तेव्हा हिची आई रोज म्हणायची, तो सांगू लागला, डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन आलात, इकडे या. मी म्हणायचो, कण नाही, जन्माचं आहे. तिचा विश्वासच नाही. पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं गरम करायची आणि डोळ्याला लावायची. कानाकडं बघा म्हणायची, खाली आहे. नंतर कळलं तिला, तरीसुद्धा करायची. कामावरून आलं की चप्पल काढायच्या आधी वाफ. किती वर्षं ते काही त्याला सांगता येईना. मग पोरगी झाली, कामं वाढली, ते कधी थांबलं तेही आठवेना. "मी विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला. "तुमच्या कसं लक्षात राहिलं?"

"चूक केली होती म्हणून," बाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून जुना डावा काढला, आत जाऊन धुऊन आणला. नवा डावा, तो जीव ओतून केलेला, काढून ताटलीत ठेवला. जुना जागेवर सरकवला. कडा खरखरीत होत्या, हा फार दिवस चालणार नव्हता, नवा करावा लागणार होता. त्याच बाहुलीचा, त्याच गोळा झालेल्या बुबुळाचा. मास्तरांनी शिकवलेलं सगळं बाजूला ठेवून तीच चूक पुन्हा, या वेळी ठरवून करायची, आणि तिच्यात केसाएवढा फरक पडू द्यायचा नाही. एवढं अवघड काम बाईंच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. त्या मागं सरकल्या.

टर्नर उन्हात बसला होता. एका बाजूनं शांत, एका बाजूनं दचकलेला. उजव्यात खाली कानाच्या बाजूला तो कण.

मुलगी बघत होती. टर्नर वाट बघत होता. त्याची बोटं बाकाच्या कडेवरून फिरत होती, एखादा भाग मापात आहे का ते चाचपल्यासारखी. बोळात कुणीतरी स्टूल ओढलं. तेवढंही बाईंना सहन होईना.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमची बटणं वरखाली लागलीत."

ती खाली वाकली आणि वरचं बटण काढायला लागली. टर्नरनं हनुवटी वर केली, न्हाव्यासमोर करतात तशी, आणि अजिबात हलला नाही. कधीपासून असं लावताय, ती म्हणाली, कुणी सांगितलं कसं नाही तुम्हाला. दाढीही राहिलीये इथं. ती कुरकुरत होती आणि एकेक बटण आपल्या घरात बसवत होती, आणि तिचा आवाज सरळ त्याच्या चेहऱ्यावर येत होता.

"बाई," टर्नर हळूच म्हणाला, "ऐकलंत?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या.